सायकलच्या पंक्चरपासून वेडरपर्यंत: आमची वाटचाल

आमच्या दुकानात शिरलात की डाव्या भिंतीवर एक जाडजूड चॉकलेटी-हिरवी, छातीपर्यंत येणारी, बुटासकटची पॅन्ट उलटी टांगलेली दिसेल. मे महिन्यात मालवणात शर्ट पाठीला चिकटलेला असताना ती नुसती बघितली तरी जास्त उकडायला लागतं. पर्यटक विचारतात हे काय, स्कुबाचं का? म्हणलं नाही, वेडर आहे, पाण्यात उतरून उभं राहायची पॅन्ट. मग पुढचा प्रश्न ठरलेला, इथे हे कोण घालतं? कोणीच नाही घालत. तीच तर स्टोरी आहे, आणि ती सांगायची तर सायकलच्या पंक्चरपासून सुरुवात करावी लागेल.

बाबांनी १९८६ साली बंदराच्या रस्त्यावर सायकल रिपेअरिंगचं खोपटं टाकलं. पाण्याचं घमेलं, कानस, सोल्युशनची ट्यूब आणि एक पंप, एवढंच भांडवल. पंक्चरपेक्षा जास्त गिऱ्हाईक नंतर गमबुटांचं यायला लागलं, कारण ट्रॉलरवरचे खलाशी दिवसभर बर्फात आणि खाऱ्या पाण्यात उभे, बूट फुटला की पायाची वाट लागते, आणि नवीन बूट घ्यायला तेव्हा कोणाकडे पैसे नसायचे. पावसाळी बंदी लागली की सगळ्या बंदराचे गमबूट आमच्या पडवीत ढिगानं पडलेले असायचे, वास असा की आई दोन महिने तिकडच्या दारानं बाहेर पडायची नाही. बाबांची पद्धत एकच. बूट पाण्यात बुडवून आत हवा मारायची, बुडबुडा कुठून येतो ते बघायचं, खडूनं गोल करायचा, वाळवून मग कानस. आणि मला सांगायचे, "पाणी खयसून येता ता आधी बघ, पॅच मागसून." सोल्युशन लावून लगेच चिकटवलं की टपली मिळायची, दोन हात द्यायचे, बोटाला चिकटेनासं झालं की मगच दाबायचं. रबराचा बूट असा जमतो, पीव्हीसीचा नाही जमत, त्याला हे सोल्युशन धरतच नाही, हे आम्ही बरीच गिऱ्हाइकं नाराज करून शिकलो.

मग कोळंबीचे प्रकल्प आले. तळ्यात कमरेएवढ्या पाण्यात उतरून एरिएटर म्हणजे पाण्यात हवा घालायचं यंत्र बघायचं, कोळंबीनं खाणं किती खाल्लं ते बघायचे चेक ट्रे उचलायचे, तळाचा काळा गाळ तुडवायचा, कामगारांच्या पायाची सालटी निघायची. एका प्रकल्पाचा मॅनेजर मुंबईच्या मशीद बंदरवरून आणलेल्या छातीपर्यंतच्या पीव्हीसी पॅन्टी घेऊन आला, सहाच्या सहा गळक्या. त्याला वेडर म्हणतात हे त्यानंच सांगितलं. बाबा म्हणाले, नाव बरोबर आहे, वेडेच घालणार. गंमत म्हणजे पुढे एक पक्षीनिरीक्षक दुकानात येऊन विचारायला लागले की खाडीवर वेडर कुठे चांगले दिसतात, बाबांनी त्यांना सरळ कोळंबीच्या तळ्यावर पाठवलं. ते बिचारे चिखलात चालणाऱ्या पक्ष्यांबद्दल विचारत होते, त्यांनाही वेडरच म्हणतात!

त्या सहा पॅन्टी उघडून बघितल्या तेव्हा कळलं की कापड चांगलंच होतं, पाणी दोनच जागांहून येत होतं, बूट जिथे जोडलाय तिथून आणि आसनातून. मला वाटलं हे तर आपण बनवू शकतो. कोटेड कापडाचा तागा आणला, गरम हवेची गन आणि दाबायला छोटा रोलर घेतला, आणि दहा नग केले. दहाही महिन्याभरात परत. माणूस उकिडवा बसला की आसनाची शिवण ताणून उघडायची. मी गरम हवेनं जोड चिकटवायच्या वेल्डिंगला दोष देत बसलो होतो, तर शेजारचे टेलरकाका आले, पॅन्ट हातात घेऊन दोन मिनिटं बघत बसले आणि म्हणाले, अरे ह्याला कळीच नाही. लेंग्याला दोन पायांच्या मध्ये चौकोनी तुकडा घालतात ना, ती कळी. चार शिवणी एका टिंबावर येत होत्या तिथे कळी घातली आणि आसनाची तक्रार संपली. टेलरकाका आज आमच्याकडेच कटिंग बघतात, आणि ही गोष्ट दर आठवड्याला कोणाला तरी ऐकवतात.

आता ती भिंतीवरची.

धंदा बरा चालला की माणसाला शहाणपणा सुचतो, तसा मला सुचला. मुंबईतल्या एका होलसेलरकडे कॅन्सल झालेल्या एक्स्पोर्ट ऑर्डरचा लॉट पडला होता, पाच मिलीमीटर निओप्रीनचे वेडर, इन्सुलेशनवाले बूट, छातीवर हात गरम ठेवायला मऊ अस्तराचा खिसा, चोवीस नग. तो म्हणाला सर टॉप क्वालिटी, आणि खरंच टॉप होती, ह्यात तो काही खोटं बोलला नाही. मी पतपेढीतून कर्ज काढून सगळा लॉट उचलला. पहिला नग एका तळ्यावर ट्रायलला दिला, सकाळी अकराच्या सुमाराला तो पोरगा बांधावर येऊन मटकन बसला, पॅन्ट उतरवली तर आतून घाम अक्षरशः ओतला. बाबा बघत होते. म्हणाले, "अरे, हेच्यात माणूस उकडान मरतलो!" बस, तिथेच धंदा संपला. निओप्रीन म्हणजे रबराचा फेस, त्यात वायूचे बारीक बंद बुडबुडे असतात, ते अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाहीत. आणि घामही जाऊ देत नाहीत. मालवणच्या पाण्यात तो घालणं म्हणजे उन्हात गोधडी पांघरून बसणं. तेवीस नग माळ्यावर गेले आणि हप्ता मात्र दर महिन्याला येत राहिला.

दोनेक वर्षांनी एकदा रात्री फोन आला, वाडीतलाच मुलगा, अमेरिकेत मिनेसोटात आयटीमध्ये आहे. "दादा, तुमच्याकडे ते वेडर असतात ना? कुठला घेऊ सांगा, ऑफिसवाले बदकांच्या शिकारीला घेऊन जातात आणि माझे पाय गोठतात." फोन स्पीकरवर होता, आई आतून ओरडली, "थंय जावन बदकां मारतस? हय एक मारलंस तर आत घालतले!" खरंय, आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, आपल्या खाडीत थंडीत येणाऱ्या बदकांकडे फक्त बघायचं. तिकडे लायसन्स, ठरलेला सीझन, दिवसाला किती मारायची ह्याची मर्यादा, वर डक स्टॅम्प म्हणून सरकारी तिकीट घ्यावं लागतं, १९३४ पासून चालू आहे, त्याचा पैसा पाणथळ जागा राखायला जातो. आईला हे सगळं समजावलं, तिला काही पटलं नाही. तो विषय सोडा.

मी त्याला विचारलं काय घालतोस. तर ब्रीदेबल वेडर, म्हणजे पातळ, वाफ बाहेर सोडणारा, त्याला खाली नुसता मोजा, वरून वेगळे लेसवाले बूट. आत काय? जीन्स. आणि पायात? तीन जोड मोजे. मला काहीतरी खटकत होतं पण नीट सांगता येईना, कारण खरं सांगायचं तर थंडी म्हणजे काय हे मला कुठे माहीत, आमच्याकडे जानेवारीच्या पहाटे कानटोपी घातली की झालं. म्हणलं दोन दिवस दे.

दुसऱ्या दिवशी बर्फाच्या फॅक्टरीत गेलो. मासे ठेवायच्या दोन मोठ्या टबात पाणी आणि फोडलेला बर्फ निम्मा निम्मा भरायला सांगितला, डाव्या पायात आमच्या पीव्हीसीचा कापलेला पाय आणि उजव्या पायात निओप्रीनचा, आणि दोन्हीकडे एकेक पाय टाकून स्टुलावर बसलो, घड्याळ समोर. फॅक्टरीतली सगळी माणसं काम सोडून बघायला जमली. डावा पाय दहा मिनिटांत असा दुखायला लागला की बाहेर काढावाच लागला, पाणी एक थेंब आत नव्हतं, पण गारवा सरळ हाडात. उजवा अर्धा तास सहज राहिला, पोटरी छान गरम. मग मी शहाणपणा करून त्याच बुटात अजून दोन मोजे कोंबले, अजून गरम होईल म्हणून. उलटं झालं. बोटं हलवायला जागा राहिली नाही आणि पंधरा मिनिटांत ती बधिर. घट्ट बुटात रक्त नीट फिरत नाही, आणि मोजा चेपला की त्यातली हवा जाते, ऊब त्या हवेचीच असते. पोराच्या तीन मोज्यांचं उत्तर मला तिथे टबात मिळालं.

मग त्याला फोन केला आणि तासभर बोललो. पहिला प्रश्न विचारला, तू चालतोस किती आणि उभा किती वेळ राहतोस? तो म्हणाला, पहाटे अंधारात, खरी बदकं भुलवायला, प्लॅस्टिकच्या खोट्या बदकांची पिशवी पाठीवर घेऊन चिखलातून अर्धा तास, मग ती पाण्यावर मांडून तीन तास गवतात न हलता उभा. तर तिथेच सगळी मेख आहे. चालताना घाम येतो, तो जीन्स पिते, आणि मग तीन तास तू ओली जीन्स घालून थंड पाण्यात उभा. पाणी हवेच्या पंचवीसेक पट वेगानं ऊब ओढतं. म्हणून सुती कपडा आत नकोच, अंगालगत लोकरीचा किंवा सिंथेटिक पातळ थर, वर फ्लीस म्हणजे लोकरीसारखं मऊ सिंथेटिक कापड, आणि चालताना फ्लीस पिशवीत ठेवायचा, पोचल्यावर घालायचा. ऑक्टोबरात त्याचा ब्रीदेबल चालेल, त्याला स्वतःची ऊब काही नसते, जे काय आहे ते आतल्या कपड्यांचं. नोव्हेंबरात काठावर बर्फ धरायला लागला की मात्र मी पाच मिलीमीटरवालाच घे म्हणालो, किंवा आत अस्तर असलेला जाड ब्रीदेबल, तो महाग पडतो पण चालायला हलका. तीन मिलीमीटर मधल्या दिवसांना ठीक. शिवाय पाण्यावर पातळ बर्फाचा पापुद्रा असतो ना, तो तोडत चाललं की त्याची कड नडगीवर काचेसारखी घासते, म्हणून नडगी आणि गुडघ्यावर डबल कापड आहे का ते बोट फिरवून बघायचं.

बूट जोडलेलाच हवा. लेस ओली होऊन गोठली की गाडीत बसून हेअर ड्रायर मारायचा का? जोडलेल्या बुटात इन्सुलेशन ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं, सहाशे, हजार, सोळाशे, ते वजन बुटाचं नाही, अस्तराचं, दर चौरस मीटरला इतके ग्रॅम. उभं राहायचं असेल तर हजाराच्या खाली जाऊ नको आणि नंबर एक मोठा घे, एक पातळ मोजा, एक लोकरीचा, बास. दुकानात सगळे थर घालूनच ट्राय कर, उकिडवा बस, एक पाय खुर्चीवर ठेव. आसन ओढलं गेलं तर कितीही सेल असू दे, परत ठेव. (टेलरकाका मागून मान हलवत होते.)

आणि बेल्ट, तो कमरेवर घट्ट बांधायचाच. त्याच्या डोक्यात होतं की वेडरमध्ये पाणी भरलं की माणूस दगडासारखा बुडतो. तसं नसतं, पाण्यात पाण्याला वजन कुठलं, वजन लागतं ते काठावर चढताना. खरा धोका थंडीचा आहे. पडल्या पडल्या धाप लागते, तेव्हा तोंड पाण्याच्या वर ठेवून पहिलं मिनिट फक्त श्वास सांभाळायचा, पुढे दहाएक मिनिटं हातपाय ऐकतात तेवढ्यात बाहेर यायचं. बेल्ट असला की पाणी आत हळू शिरतं, तेवढाच वेळ हाताशी राहतो. हे मी वाचून सांगितलं, टबात बसून नाही, पण आमच्या खलाशांना विचारा, पाण्यात घाबरून धाप लागलेला माणूस कसा दिसतो ते.

पुढच्या गणपतीला तो आला आणि माळ्यावरून मापाचा एक नग घेऊन गेला, बॅगेत पाचेक किलो त्याचेच. डिसेंबरात फोटो आला, मागे पांढरं तळं, हा हसतोय. आईला दाखवताना हातातलं बदक क्रॉप केलं.

बर्फाच्या टबात बसलेला माझा फोटो मी फिशरी कॉलेजमधून शिकून गेलेल्या एका ओळखीच्या पोराला पाठवला होता, तो हिमाचलात ट्राउटच्या फार्मवर लागला होता. तिथलं पाणी बारा महिने गार, माणसं साध्या गमबुटात टाकी धुवायची. त्यांनी एकदम चौदा घेतले. पतपेढीचा शेवटचा हप्ता त्यातून फिटला. राहिले आठ, त्यातले तीन बोटीवर जाणाऱ्या लोकांनी नेले, एक भिंतीवर आहे आणि चार घडीवर चिरले होते, माझीच चूक, माळ्यावर घडी घालून ठेवले. निओप्रीन उलटं टांगून ठेवायचं असतं, म्हणून आता भिंतीवरचा तसा दिसतो.

त्या चिरलेल्या चारांचं काय करायचं हा प्रश्न कालवं काढणाऱ्या बायकांनी सोडवला. त्यांना मी आमचे वेडर विकायचा किती प्रयत्न केला होता, एक काकी म्हणाल्या, "बुटानं तिसऱ्यो कळतत काय रे?" बरोबरच आहे, त्या चिखलात पायाच्या बोटांनी शिंपली चाचपतात. पण कालवांच्या खडकावर मात्र धार लागून तळवे फाटतात. म्हणून निओप्रीन कापून घोट्यापर्यंतचे मोजे केले, तळाला जुन्या ट्यूबचं रबर, बाबांच्या पद्धतीनं, दोन हात सोल्युशन. आज आमच्या वेडरइतकेच हे मोजे खपतात, आता त्यासाठी तीन मिलीमीटरची शीट वेगळी मागवतो. गेल्या आठवड्यात त्याच काकी आल्या, एका मोज्याचा तळ सुटलेला, दुसरा नीट. म्हणाल्या, फक्त एकच दे, अर्ध्या पैशात. म्हणलं काकी, जोडी असते. त्या भिंतीवरच्या वेडरकडे बघून म्हणाल्या, "मगे तेचो एक पाय काप."