व्हिएतनाम की कझाकस्तान? आधी माणसं मोजा, मग तिकीट बघा

चार-पाच रजा, त्यांना जोडून शनिवार-रविवार आणि बेताचं बजेट, एवढ्यात परदेश करायचा म्हटलं की पुण्यात हल्ली ही दोन नावं हमखास निघतात. नुसत्या विमानाच्या भाड्यावर जाऊ नका. किती जण जाताय आणि कुठल्या महिन्यात, यावर सगळं ठरतं.

कझाकस्तानातल्या अल्माटीत खरी मजा शहराबाहेर आहे आणि बाहेर पडायला गाडी लागते. चारिन कॅन्यन साधारण 200 किलोमीटरवर, म्हणजे जाऊन-येऊन अख्खा दिवस गेला. कोलसाई आणि काइंदी ही तळी त्याहून लांब, त्यामुळे तिथल्या साती गावात एक मुक्काम धराच. काइंदीचं तळं 1911 च्या भूकंपात दरड कोसळून पाणी अडल्यामुळे झालं. बुडालेल्या झाडांचे वाळके बुंधे अजून पाण्यातून सरळ वर आलेले दिसतात. तेवढ्यासाठीसुद्धा जावं. पण गाडीचं भाडं चौघांत वाटलं तर परवडतं, एकट्याच्या अंगावर आलं की बोंब. व्हिएतनामचं उलट आहे. हॉस्टेलमधला बेड, स्लीपर बस, ग्रॅब ॲपवरची बाइक-टॅक्सी, सगळं माणशी मिळतं, त्यामुळे एकट्या-दुकट्याला तेच स्वस्त.

आता महिना. जून ते सप्टेंबर अल्माटी उत्तम. शहराजवळच्या शिम्बुलाकचा रोपवे मात्र तीन हजार मीटरच्या वर नेतो, तिथे जुलैतही जॅकेट लागतं. दिवाळीच्या सुट्टीत तिकडे जाऊ नका: हिरवळ संपलेली असते आणि बर्फाचा भरवसा नसतो. तेव्हा उत्तर व्हिएतनाममधलं हनोई आणि निन्ह बिन्ह छान. पण त्याच ऑक्टोबर-नोव्हेंबरात मध्य व्हिएतनाममध्ये धो धो पाऊस असतो, होई आनच्या गल्ल्यांत नदीचं पाणी शिरतं. ‘हनोई, दा नांग, सायगॉन सहा दिवसांत’ असली पॅकेजं तर सोडूनच द्या. हनोई ते दक्षिणेतलं सायगॉन (म्हणजे हो ची मिन्ह सिटी) रेल्वेनं तीस तासांहून जास्त लागतात आणि विमानानं गेलात तरी प्रत्येक उडीत अर्धा दिवस जातो. एकच टोक धरा.

कझाकस्तानला भारतीय पासपोर्टवर 14 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. व्हिएतनामचा ई-व्हिसा एकदाच प्रवेशासाठी 25 डॉलर, नाकारला तरी पैसे परत नाहीत. सरकारी साइटचा पत्ता ‘डॉट गव्ह डॉट व्हीएन’नं संपतो, तशाच दिसणाऱ्या बाकीच्या साइट मधल्या मध्ये जादा पैसे घेतात. आपल्याकडे घोळ होतो तो नावात. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव ‘गिव्हन नेम’मध्ये असेल, तर अर्जातही ते तिथेच, अक्षर न अक्षर तसंच. पासपोर्ट नंबरातला एक आकडा चुकला तरी चेक-इन काउंटरवरूनच परत पाठवतात. व्हिएतनाममधले सुट्टीचे दिवस व्हिसाच्या प्रक्रियेत धरत नाहीत, म्हणून दोन आठवडे आधी अर्ज करा. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यात तेत, म्हणजे त्यांचं नववर्ष, येतं. तेव्हा दुकानं बंद आणि गाड्या भरलेल्या.

शाकाहारी असाल तर व्हिएतनाम सोपं. ‘चाय’ (chay, म्हणजे शाकाहारी) लिहिलेली जेवणघरं शोधा, एरवी भाजीतही फिश सॉस असतो. अल्माटीत मांसावाचून फारसं पान हलत नाही, त्यामुळे स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. दशम्या, बाकरवडी खुशाल न्या, पण लोणच्याची बरणी हातातल्या बॅगेत नको. तेलामुळे ते द्रवात धरतात आणि 100 मिलीच्या वरचं काढून घेतात. स्वस्त तिकिटात बहुधा फक्त सात किलोची हातबॅग असते, हेही बघून ठेवा.

विमान बहुतेक वेळा मुंबईहूनच. पावसाळ्यात बोरघाटात दरड किंवा अपघात झाला की एक्सप्रेसवे तासन् तास ठप्प होतो, म्हणून उड्डाणाच्या आठ तास आधी वाकड सोडा. आणि व्हिएतनाममध्ये नोट देताना शून्यं मोजा: 20 हजार आणि 5 लाख डाँगच्या दोन्ही नोटा निळ्या आहेत, रात्री टॅक्सीत हमखास अदलाबदल होते.