आमची वाटचाल: खरबरीत अक्षरांपर्यंत

आमचा फॉन्टचा उद्योग सुरू झाला तो पुस्तकी, गुळगुळीत अक्षरांवर. खरबरीत, ठसठशीत वळणाकडे आम्हाला पोस्टरवाल्यांनी ओढलं. ते आमचंच जाड अक्षर घेत आणि वर ओरखड्यांचा थर चढवत. तो थर अक्षर बघून पडत नाही. लॅटिन लिपीत, म्हणजे इंग्रजीच्या अक्षरांत, हे खपून जातं, देवनागरीत घात होतो: 'ष'ची आतली तिरकी रेघ खरवडली गेली की 'प' उरतो, 'ब'चा 'व' होतो, आणि शिरोरेघेवर उडालेला शाईचा एखादा ठिपका चक्क अनुस्वार म्हणून वाचला जातो!

म्हणून ओरखडे अक्षरातच कोरायचे ठरवलं. त्यासाठी लाकडी खिळ्यांचे, म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षर-ठशांचे, जुने छाप पाहिले. मोठे खिळे शिशाचे ओतले तर जड होत, पृष्ठभागही सपाट येत नसे. १८२७ च्या सुमारास अमेरिकेत डेरियस वेल्सने यंत्राने लाकडी खिळे कोरायला सुरुवात केली, तेव्हा मोठी जाहिरात सोपी झाली. लाकूड कोपऱ्यांना आधी झिजतं, खोलगट जागी शाई लागत नाही. म्हणजे झीज कारणाने होते, कुठेही नाही. आमच्या फॉन्टमध्ये टवके कोपऱ्यांना आणि जाड दांड्यांच्या पोटात आहेत. अक्षराची ओळख ठरवणाऱ्या रेघा शाबूत.

सगळ्यात जास्त छळलं शिरोरेघेने. शेजारची दोन अक्षरं जुळतात तिथे दोन्हींच्या कडा एकसारख्या हव्यात, नाहीतर सांधा दिसतो. मग पुढचा प्रश्न: 'ममता' लिहिलं आणि दोन्ही 'म'वर तोच टवका दिसला की सोंग उघडं पडतं. आता नेहमीच्या अक्षरांची पर्यायी रूपं आहेत आणि ओपनटाइप या फॉन्ट-फाइलच्या प्रकारात लिहिलेल्या नियमांनी ती आपोआप आलटून-पालटून येतात.

हा फॉन्ट पोस्टर, मुखपृष्ठ, टी-शर्ट, लेबल यांसाठी. चार-पाच शब्द, मोठा आकार. मजकुराला लावू नका. लहान आकारात टवके बुजतात आणि छपाई बिघडल्यासारखी वाटते. व्हायनल (स्टिकरचा प्लास्टिक कागद) कापणाऱ्यांना तर आम्ही स्वतःच अडवतो, कारण प्रत्येक टवक्याचा बारीक तुकडा प्लॉटर, म्हणजे त्यांचं कापायचं यंत्र, कापणार आणि तो चिमट्याने काढत बसावा लागणार. त्यांच्यासाठी त्याच वळणाची, त्याच रुंदीची स्वच्छ प्रत सोबत देतो. गंमत म्हणजे दुरंगी छपाईवाले आता दोन्ही वापरतात: खाली एका रंगात स्वच्छ, वर दुसऱ्यात खरबरीत.