आज फतेहगंजात एकत्र प्रार्थना

१८ ते २५ जानेवारी, ख्रिस्ती ऐक्याचा प्रार्थना सप्ताह. १९०८ पासूनची प्रथा. आज बडोद्यात मराठी कॅथलिक, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथडिस्ट अशा वेगवेगळ्या ख्रिस्ती पंथांचे लोक एकाच बाकांवर बसले, मन भरून आलं.

अशा सभेत अडतं ते प्रभूच्या प्रार्थनेत, म्हणजे येशूनं शिकवलेल्या प्रार्थनेत. कॅथलिक ‘वाइटापासून सोडव’पाशी थांबतात, बाकीचे ‘कारण राज्य तुझे’ म्हणत पुढे जातात, नि सगळेच अवघडतात. म्हणून एकच पाठ मोठ्या अक्षरांत छापून हातोहात द्यावा. प्रभुभोजन, म्हणजे भाकर-द्राक्षरसाचा विधी, मात्र या सभेत नको. चर्चच्या मंडळ्यांचे नियम वेगळे, कुणाला तरी बाकावरच बसून राहावं लागतं आणि ते फार जिव्हारी लागतं.

नंतर चहा हवाच. तेव्हाच आजारी, एकट्या वृद्धांची नावं लिहून घ्यावीत, भेटीला दोन वेगळ्या मंडळ्यांतली माणसं जोडीनं पाठवावीत. डबा, औषधं, बँकेचं काम. उद्या सकाळपासूनच.