प्लॅस्टिक पानांना चिकटलेलं होतं

फळांनी लगडलेली पपई आणि थंडीपासून जपायला तिच्याभोवती घट्ट गुंडाळलेलं प्लॅस्टिक. आज सकाळी पाहिलं. जिथे ते चिकटलं होतं, नेमकी तीच पानं काळी पडली होती. कुणीतरी मायेनेच गुंडाळलं असणार, म्हणून जास्त वाईट वाटलं.

झाडाला स्वतःची अशी ऊब जवळजवळ नसते. रात्री जमिनीतून वर येणारी उष्णता अडवणं, एवढंच आच्छादनाचं काम. म्हणून भोवती ३-४ काठ्या रोवून त्यांवर कापड टाकायचं, पानांना न टेकवता. कडा जमिनीपर्यंत आणून दगडांनी दाबायच्या. खोडालाच आवळून बांधलं तर ती ऊब बाहेरच राहते. ऊन आलं की काढायचं.

दुपारी माती ओलसर करा, कोरडीपेक्षा ती जास्त उष्णता धरते. पाणी मात्र साचू देऊ नका. थंड चिखलात पपईची मुळं कुजतात. नत्रखत बंद, कारण कोवळी पालवी सगळ्यात आधी करपते.

आणि फळं? सालीवर पिवळी रेघ दिसली की उतरवून घरात ठेवा, पिकतील. पूर्ण हिरवी काढलीत तर गोडी येणार नाही.

करपलेली पानं लगेच कापू नका, शेंड्याला तीच आडोसा देतात. तुम्ही झाडांवर रात्री काय पांघरता?