गेटवरच्या द्राक्षवेलाची पानं

आमच्या लातूरला कितीतरी घरांच्या गेटवर द्राक्षाचा वेल चढवलेला दिसतो आणि सगळ्यांची तक्रार एकच, घोस लागत नाहीत, लागले तर आंबटढ्याण. लागणार कसे? बागवाले एप्रिलात नव्या काड्यांसाठी खरड छाटणी करतात, ऑक्टोबरात घोसांसाठी गोडी छाटणी, आपण कात्रीच लावत नाही. मी म्हणते घोसाचं जाऊ द्या, पानं खा!

तुर्कस्तान, ग्रीस, लेबनॉनमधे या पानांत भात भरून डोलमा करतात, अझरबैजानच्या डोलम्याला तर २०१७ मधे युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. अन् तुर्की लोकांचं आवडतं पान सुलताना जातीचं, म्हणजे आपली थॉमसन सीडलेसच की.

पान शेंड्याकडनं तिसरं-चौथं घ्यायचं, तळहाताएवढं. खालचं जून पान कितीही शिजवा, चोथाच. देठ काढून मिठाच्या उकळत्या पाण्यात मिनिटभर, रंग खाकीसर झाला की लगेच गार पाण्यात.

सारणाला भिजवलेला तांदूळ, परतलेला कांदा, शेंगदाण्याचा कूट, कोथिंबीर आणि आपलं काळं तिखट. तिकडे पाइन नट घालतात, मी चारोळी घालते, बेदाणे मात्र हवेतच. शिरांची बाजू वर ठेवून चमचाभर सारण, कडा आत, गुंडाळी सैलच करायची कारण तांदूळ फुगतो आणि घट्ट केली की पान फाटतं. पातेल्याच्या तळाला फाटकी पानं, वर गुंडाळ्या खेटून, तेल, बुडेल एवढं पाणी आणि वर उपडी ताटली दाबायची नाहीतर उकळीत सगळं उलगडतं. मंद आचेवर पाऊण तास.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, चिंच राहिली की!" चिंच लागत नाही, चिंचेतलं टार्टारिक आम्ल या पानातच असतं. खाल्ल्यावर म्हणाल्या अंबाडीसारखं लागतंय, आणि भाकरी मागितली. डोलम्यासोबत भाकरी, असो.

भाऊजी औशाकडच्या बागेतनं पोतंभर पानं आणतो म्हणाले, मी नकोच म्हटलं. बागेत केवडा, भुरी या बुरशीच्या रोगांसाठी सारखे फवारे चालू असतात, बोर्डोचा, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाचा, थर पानावर दिसतो तरी, आंतरप्रवाही औषध पानात मुरलेलं असतं, ते धुऊन जात नाही. घरच्या वेलाची जास्त पानं निघाली तर उकळून, निथळून, थप्प्या करून फ्रीजरला टाका, महिनोन्‌महिने टिकतात.