व्हीएलएफ रिसीव्हर, पुढची नोंद: 100 हर्ट्झचा कंगवा अखेर हटला

व्हीएलएफ म्हणजे अतिशय कमी कंप्रतेच्या (3 ते 30 किलोहर्ट्झ) रेडिओ लहरी. त्यात 19.8 किलोहर्ट्झवर ऑस्ट्रेलियातलं एनडब्ल्यूसी हे नौदलाचं रेडिओ केंद्र आता दिवसभर स्वच्छ मिळतंय. सूर्योदयाच्या वेळचे खळगे सुटेसुटे मोजता येतात आणि दुपारची रेघ सपाट राहते. सौरज्वाला आली की आयनोस्फिअर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) बदलतो आणि केंद्राच्या ताकदीची रेघ उठते. तो उठाव ओळखायचा तर ही सपाट रेघच हवी. म्हणून आजची नोंद जवळजवळ सगळी त्या कंगव्याबद्दल: वॉटरफॉलवर (वेळेनुसार प्रत्येक कंप्रतेची ताकद दाखवणाऱ्या चित्रावर) दर 100 हर्ट्झला उभी राहणारी, खालपासून 20 किलोहर्ट्झच्याही वर जाणारी दात्यांची रांग.

लूप, म्हणजे अँटेना म्हणून वापरलेलं तारेचं वेटोळं, मागच्या नोंदीतलाच. 1 मीटर बाजूचा चौरस, पीव्हीसी कंड्युट, 25 गेज एनॅमल तारेचे 50 वेढे, रोध सुमारे 17 ओहम, इंडक्टन्स 8 मिलिहेन्रीच्या आसपास. नव्यानं गुंडाळणाऱ्यांनी तार मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून वजनावर घ्यावी. 200 मीटरला सुमारे 360 ग्रॅम बसते, 400 ग्रॅम मागा. सुटी रिळं मागवण्यापेक्षा स्वस्त पडते आणि इन्सुलेशनही चांगलं असतं. गुंडाळून झाल्यावर रोध 28 ओहमच्या घरात आला तर तार ॲल्युमिनियमची आहे, परत करा.

आता मूळ दुखणं. घरात 50 हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र 0.1 मायक्रोटेस्ला धरलं तर या लूपमध्ये त्याचे दीड मिलिव्होल्ट तयार होतात. 1 मिलिव्होल्ट प्रति मीटर ताकदीच्या केंद्राचे 18 किलोहर्ट्झला जेमतेम 20 मायक्रोव्होल्ट. हा 75-80 पटींचा फरक पहिल्या स्टेजच्या आधीच कापावा लागतो, नाहीतर ऑप-ॲम्प (सिग्नल वाढवणारी चिप) क्लिप होतो, म्हणजे लहरीची टोकं कापतो, आणि स्वतःच नवे हार्मोनिक (मूळ कंप्रतेच्या पटीतले सिग्नल) तयार करतो. 1 किलोहर्ट्झचा दोन पोलचा हाय-पास फिल्टर (त्याखालच्या कंप्रता दाबणारा) लावला की 50 हर्ट्झ 400 पट खाली जातो. इथपर्यंत सगळं पुस्तकाप्रमाणे झालं. कंगवा मात्र होता तिथेच राहिला, कारण त्याचे वरचे दाते फिल्टरच्या पलीकडे, थेट आपल्या पट्ट्यात बसतात.

हे दाते येतात ब्रिज रेक्टिफायरमधून. एलईडी बल्ब, चार्जर, इन्व्हर्टर, सगळ्यांत तो असतो आणि मेन्सच्या प्रत्येक अर्ध्या आवर्तनाला विजेचा एक तीक्ष्ण घोट घेतो. असे घोट सेकंदाला 100, म्हणून दाते 100 हर्ट्झच्या प्रत्येक पटीवर येतात. त्यात 18,200 म्हणजे 100 चे 182 पट आणि 19,800 म्हणजे 198 पट. 18.2 किलोहर्ट्झचं भारतीय नौदलाचं व्हीटीएक्स केंद्र असो की एनडब्ल्यूसी, दाता नेमका केंद्राच्या मध्यावरच उगवतो.

शोध कसा घ्यायचा ते क्रमानं सांगतो, कारण क्रम चुकला की आठवडे जातात. आधी लूप उभ्या अक्षाभोवती फिरवा. केंद्राची पट्टी कमीजास्त व्हायला हवी. तशी ती झाली, पण दाते ढिम्म हलले नाहीत. म्हणजे कंगवा लूपमधून येतच नव्हता. मग लूप काढून प्रीॲम्पच्या (लूपचा सिग्नल आधी वाढवणाऱ्या सर्किटच्या) इनपुटला 18 ओहमचा रेझिस्टर लावला. दाते तसेच. प्रीॲम्प 12 व्होल्टच्या बॅटरीवर होता, म्हणजे उरली वाट प्रीॲम्पपासून लॅपटॉपच्या साउंडकार्डकडे जाणाऱ्या केबलची. लॅपटॉपचा चार्जर काढताच कंगवा जवळजवळ मिटला.

दोन पिनांच्या चार्जरमध्ये प्रायमरी आणि सेकंडरीच्या मध्ये वाय-कपॅसिटर असतो. त्यातून थोडा विद्युतप्रवाह लॅपटॉपच्या ग्राउंडवर येतो, तिथून केबलच्या शील्डवाटे प्रीॲम्पच्या अर्थिंगकडे निघतो. शील्डचा रोध शून्य नसतो. त्यावर पडणारे मायक्रोव्होल्ट सिग्नलमध्ये मिसळतात. जाड शील्डची महाग केबल घेऊन हे थांबत नाही, वाटच तोडावी लागते.

तोडली ती 600:600 ओहमच्या लाइन ट्रान्सफॉर्मरनं. तो साउंडकार्डच्या टोकाला बसवला, अर्थिंग फक्त लूपच्या टोकाला ठेवलं आणि मधली केबल कॅट-5 घेतली. एका पिळाच्या जोडीत सिग्नल, दुसरीत 12 व्होल्ट. शील्ड कुठेही दोन्ही टोकांना जोडलेली नाही. ट्रान्सफॉर्मर स्वतःही चुंबकीय हम (मेन्सची गुणगुण) ओढतो, म्हणून चार्जरपासून निदान हातभर लांब ठेवा आणि वॉटरफॉल बघत बघत जागेवर फिरवा. एका कोनात हम एकदम पडतो. टेलिफोनसाठी बनवलेले ट्रान्सफॉर्मर 3.4 किलोहर्ट्झपर्यंतच्या हिशेबाचे असतात, वर घसरतात. सौरज्वालेच्या नोंदीला चढउतार पुरतात, त्यामुळे ही घसरण चालते.

लूपवर शील्ड म्हणून गुंडाळलेल्या फॉइलबद्दल एवढंच, की वर 2 सेंटिमीटरची फट राहिलीच पाहिजे. फॉइल पूर्ण जुळलं तर तो शॉर्ट झालेला वेढा होतो आणि सिग्नल गायब. पावसाळ्यापूर्वी फटीवर एम-सील लावा.

एवढं करून दाते खूपच खाली गेले, पण संध्याकाळी सोसायटीचे दिवे लागले की थोडे डोकावतातच. हे मात्र लूपमधून येणारे, म्हणजे दिशेनं मारता येतात. पुण्याहून व्हीटीएक्स, म्हणजे तिरुनेलवेली जिल्ह्यातलं विजयनारायणम, उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेनं 159 अंशांवर, एनडब्ल्यूसी 134 वर. लूपचं प्रतल 146 वर धरलं तर दोघांचंही नुकसान दोन-अडीच टक्क्यांहून जास्त नाही आणि नल, म्हणजे लूपला काहीच ऐकू न येणारी दिशा, जाते 56 आणि 236 वर. गोंगाट करणारं उपकरण त्या रेषेत येईल अशी गच्चीवरची जागा निवडायची. होकायंत्र चालतं, आपल्याकडे दिक्पात (खरी उत्तर आणि होकायंत्राची उत्तर यांतला फरक) एका अंशाच्या आतच आहे. फक्त लोखंडी कठड्यापासून दूर उभं राहून बघा.

हे लिहिता लिहिता सॉफ्टवेअरमधला उपायही सुचला आणि करून पाहिला. 48 किलोहर्ट्झ सॅम्पलिंगवर 65,536 बिंदूंचा एफएफटी (सिग्नल कंप्रतांत विभागणारं गणित) घेतला की एक बिन, म्हणजे कंप्रतेचा एक कप्पा, 0.73 हर्ट्झचा होतो. 19.7 ते 19.9 किलोहर्ट्झमध्ये 273 बिन बसतात. एनडब्ल्यूसी 200 बॉडवर (सेकंदाला 200 चिन्हं) एमएसके पद्धतीनं, म्हणजे कंप्रता किंचित वरखाली करून, संदेश पाठवतं, त्याची ऊर्जा या पट्ट्यात पसरलेली असते. दाता मात्र मोजक्या बिनांत मावतो. मग सरासरी कशाला घ्यायची? मध्यक घ्या. पायथनमध्ये मीनच्या जागी मीडियन, एवढाच बदल. मध्यक सरासरीपेक्षा सुमारे 1.6 डेसिबल खाली येतो, पण तो फरक कायम असल्यानं आलेखाला काही होत नाही. संध्याकाळचे उंचवटे पुसले गेले. फार समाधान देणारी ओळ आहे ही!

दाता खरंच मेन्सचा आहे का, याची खूणही इथेच मिळते. ग्रिड 49.90 ते 50.05 हर्ट्झमध्ये हलत राहतं. 19.8 ला ती हालचाल 396 पट होते, म्हणजे दाता 40 हर्ट्झ खाली ते 20 वर सरकू शकतो. जे सरकत नाही ते मेन्सचं नाही.

ऑप-ॲम्पबद्दल सावध करायला हवं. लूपचा रोध कमी, म्हणून कमी व्होल्टेज नॉइजचा एनई5532 (5 नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ) टीएल072 पेक्षा (18) इथे सरस. पण बाजारात छाप बदललेले तुकडे फार आहेत. बसवण्याआधी नुसत्या चिपचा करंट मोजा. खरा 5532 साधारण 8 मिलिअँपिअर घेतो. 3-4 दिसले तर आत बहुधा 4558 आहे.

बॅटरीचा बेतही बदलतोय. आधी ठरलं होतं दोन 7 अँपिअर-तासाच्या बॅटऱ्या आलटूनपालटून वापरायच्या. पण सौरज्वाला दिसते ती मार्गावर ऊन असतानाच. 11 मे 2024 ची एक्स 5.8 ज्वाला आपल्या वेळेनुसार सकाळी 6:53 ला शिखरावर होती, ती इथून टिपता येण्यासारखी. 14 मेची एक्स 8.7 रात्री 10:21 ला, तिचा इथे उपयोग नाही. मग एकच बॅटरी रात्री 8 ते 11 चार्ज केली की झालं. प्रीॲम्प 20 मिलिअँपिअर घेतो, म्हणजे दिवसाला अर्धा अँपिअर-तास. चार्जर जोडायला डबल-पोल रिले घ्या आणि दोन्ही तारा तोडा. एकच तार तोडली तर ग्राउंडवाटे कंगवा परत येतो. रिलेची कॉइल चार्जरच्या बाजूनं चालवा, म्हणजे दिवसा ती बंदच राहील.

रात्री 11 नंतर ट्वीक, म्हणजे दूरच्या विजांचे जमीन आणि आयनोस्फिअर यांच्यामधून परावर्तित होत येणारे रेडिओ आवाज, टिपायचे. त्यांचा कटऑफ (ज्याच्या खाली ते पोचत नाहीत ती कंप्रता) 1.7 किलोहर्ट्झ मोजला की आयनोस्फिअरची उंची 88 किलोमीटर निघते. यासाठी हाय-पास 1 किलोहर्ट्झवरून 700 वर आणायचा विचार आहे, आधी पहिली स्टेज क्लिप होत नाही ना ते बघून. 20 किलोहर्ट्झपर्यंत 1 डेसिबलच्या आत राहणारा 600:600 ट्रान्सफॉर्मर कोणी मोजून पाहिला असेल तर कोअरचा प्रकार आणि आकार जरूर कळवा.