चित्र न काढणारा अ‍ॅनिमेशन दिग्दर्शक

“चित्रकला बेताचीच आहे हो. अ‍ॅनिमेशनला घातलं तर निभेल का?” दर जूनमध्ये कुणी ना कुणी पालक मला हे विचारतात. मूल शेजारी मान खाली घालून बसलेलं असतं. तुम्हीही विचारलंत, म्हणून जपानी अ‍ॅनिमेशन दिग्दर्शक इसाओ ताकाहाता यांच्याबद्दल सांगते.

ताकाहाता स्वतः चित्रं काढत नसत. ते टोकियो विद्यापीठात फ्रेंच साहित्य शिकले. पॉल ग्रिमो यांच्या एका फ्रेंच अ‍ॅनिमेशनपटाने त्यांना इतकं झपाटलं, की १९५९मध्ये ते तोएई या जपानी कंपनीच्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओत सहायक म्हणून लागले. १९६८मध्ये आलेला त्यांचा पहिला चित्रपट, ‘होरुस’, तिकीटबारीवर पडला. स्टुडिओने त्यांना पुन्हा चित्रपट दिला नाही, आणि १९७१मध्ये ते तिथून बाहेर पडले.

मग १९७४मध्ये टीव्हीवर त्यांची ‘हायडी’ ही मालिका आली. दर आठवड्याला एक असे ५२ भाग. ताकाहाता त्यासाठी सहकाऱ्यांसोबत आधी स्वित्झर्लंडला जाऊन आले होते. दृश्यांचे आराखडे काढायचे हायाओ मियाझाकी. पहिल्या भागात फारसं काही घडतच नाही. हायडी फक्त डोंगर चढते. अंगावर एकावर एक चढवलेले कपडे, उकाड्याने लाल झालेले गाल. चढता चढता ती एकेक कपडा काढून टाकते आणि हलकी होऊन पळत सुटते. मुलांच्या मालिकेत एवढा वेळ नुसत्या चढणीला द्यायचा, हे धाडस मला आजही थक्क करतं.

ताकाहाता नऊ वर्षांचे असताना, २९ जून १९४५च्या पहाटे, जपानमधल्या ओकायामावर बॉम्ब पडले. बहिणीसोबत जळत्या शहरातून ते धावले होते. युद्धात सापडलेल्या भावाबहिणीच्या गोष्टीतली, १९८८च्या ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’मधली आग म्हणूनच शोभेची वाटत नाही. पण माझ्या मनात राहिला तो गोळ्यांचा रिकामा डबा. भाऊ त्यात पाणी घालून हलवतो आणि तळाशी चिकटलेली गोडी बहिणीला पाजतो.

१९९१च्या ‘ओन्ली यस्टरडे’त एका घरात पहिल्यांदाच अननस येतो. तो कापायचा कसा, हेच कुणाला ठाऊक नसतं. शेवटी फोडी होतात, सगळे चाखतात आणि हिरमुसतात. धाकटी तेवढी चावत राहते. माझ्या वर्गात मी हा प्रसंग दरवर्षी दाखवते. चेहऱ्यांवरची ती निराशा कागदावर उतरवली चित्रकारांनी, पण ती पाहून ठेवली होती ताकाहातांनी. काय काढायचं आणि किती वेळ त्यावर थांबायचं, हे ठरवणं त्यांचं काम होतं.

‘द टेल ऑफ द प्रिन्सेस कागुया’ला आठ वर्षं लागली. २०१३मध्ये तो प्रदर्शित झाला तेव्हा ते ७८ वर्षांचे होते. तो त्यांचा शेवटचा चित्रपट. २०१८च्या एप्रिलमध्ये ते गेले. या शेवटच्या चित्रपटात राजकन्या वाड्यातून पळून जाते. तो प्रसंग शिंजी हाशिमोतो यांनी रेखाटला आहे. तिच्या धावेबरोबर रेघा खरखरीत होत जातात, चेहरा पुसट होतो, आणि अंगावरचे भरजरी झगे एकामागून एक मागे पडत जातात.

हायडी डोंगर चढली, त्याला तेव्हा ३९ वर्षं झाली होती.